मागं सरकलेली लांबी

माझी एअर रायफल पहिल्यांदा बघणारा माणूस आधी तिचा दस्ता शोधतो. तो सापडला नाही की नळी शोधतो. ती जेमतेम दोन बोटं बाहेर आलेली दिसते. मग माझ्या तोंडाकडं बघत विचारतो, "ही पुरी हाय का अजून काही जोडायचंय?"

विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. लातूरकडच्या औसा तालुक्यातल्या माणसाला बंदूक नवलाची नाही. बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन पेंगणारा वॉचमन त्यानं बघितलेला असतो, निवडणुकीच्या बंदोबस्ताला आलेल्या जवानाच्या खांद्यावरची इन्सास बघितलेली असते, आणि जत्रेत फुगे फोडायची, मधून मोडून छर्रा भरायची बंदूक तर त्यानं स्वतः चालवलेली असते. या सगळ्यांचा घाट एकच. पुढं नळी, मधे यंत्र, त्याच्याखाली चाप, मागं दस्ता. माझ्या बंदुकीत यंत्र पार गालाखाली गेलंय, चाप त्याच्या पुढं आलाय आणि दस्ता म्हणून वेगळं काही उरलेलंच नाही. या रचनेला बुलपप म्हणतात.

साध्या रायफलीचा दस्ता नीट न्याहाळला तर त्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. खांद्याला टेकायला आणि गाल ठेवायला जागा हवी, म्हणून यंत्राच्या मागं लावलेलं हे दीड वीत लाकूड. (अमेरिकन एम-१६ च्या दस्त्यात स्प्रिंग बसवलेली असते, तिची गोष्ट वेगळी.) ही जागा फुकट का घालवायची, हा विचार शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. १९०१ साली ब्रिटनमध्ये थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइन नावाची बोल्टची बंदूक यातूनच निघाली आणि चाचण्यांत नापास झाली. १९५१ मध्ये ब्रिटिशांनी ईएम-२ नावाची बुलपप लष्करासाठी स्वीकारलीसुद्धा, पण नाटोचं काडतूस दुसरंच ठरलं आणि तिचा संसार मांडायच्या आधीच मोडला. बस्तान बसलं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. ऑस्ट्रियानं १९७७ मध्ये स्टायर ऑग घेतली, पाठोपाठ फ्रान्सनं फामास, १९८५ मध्ये ब्रिटननं एल-८५.

आपल्या घरातलेच दोन आकडे शेजारी ठेवतो. इन्सासची लांबी ९६० मिलिमीटर, त्यात नळी ४६४. नौदलाच्या मार्कोस आणि हवाई दलाच्या गरुड कमांडोंकडं असलेल्या इस्रायली ताव्होरची लांबी ७२० च्या आसपास, आणि नळी ४६०. नळीत फरक चार मिलिमीटरचा, बंदुकीत वीतभराचा. गोळीला वेग देते ती नळी. ती न कापता बंदूक आखूड करायची, एवढंच या सगळ्या खटाटोपाचं इंगित.

काकांना हे आकडे सांगितले तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. काका बीएसएफमधून निवृत्त झाले. मीटरभराहून लांब, जुन्या एसएलआर रायफलीवर त्यांची उमेदीची वर्षं गेली, नंतर हातात इन्सास आली. आमच्या भागात रायफलीबद्दलचं ज्ञान येतं ते असंच, पुस्तकातून नाही. चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र, तिकडं मुदखेडला सीआरपीएफचं, आणि दर गावात पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी भरतीची पोरं. त्यामुळं माझ्या बंदुकीवर मत नसलेला माणूस गावात मिळणं कठीण.

काकांनी बंदूक हातात घेतली. आधी नळी जमिनीकडं केली, आत छर्रा नाही ना ते उघडून बघितलं, मग खांद्याला लावली. आणि त्यांचा डावा हात, जो आयुष्यभर एसएलआरच्या पुढच्या लाकडावर जाऊन बसला, तो सवयीनं पुढं गेला आणि थेट नळीच्या तोंडावर पोचला. त्यांनीच तो चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"हे काय घेऊन फिरायलास बाबा," ते म्हणाले, "ही धरणाऱ्याचीच बोटं खाईल की."

"काका, हात इथं मागं धरायचा. ह्या खाचेच्या पुढं न्यायचाच नाही."

"आन् अंधारात? घाईत? तवा कुठं बघावं खाच?"

याला उत्तर नव्हतं. लष्करी बुलपपला म्हणूनच पुढं उभी मूठ किंवा हाताला अडवणारा उंचवटा असतो. माझ्या बंदुकीला एक छोटी खाच आहे आणि बाकी माझी अक्कल. काकांनी किंमत विचारली, ती ऐकून "एकराचं ठिबक झालं असतं" म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

बुलपपचा मुद्दा मला खऱ्या अर्थानं पटला तो देवगिरीवर. दौलताबादच्या त्या किल्ल्यात अंधारी आहे. कातळात खोदलेला, वळत वळत वर चढणारा काळोखा रस्ता. वटवाघळांचा वास, पायाखाली कमी-जास्त उंचीच्या पायऱ्या. माझ्या खांद्याला कॅमेऱ्याचा ट्रायपॉड अडकवलेला होता आणि दर वळणाला तो भिंतीला ठोकर देत होता. एकदा तर मागून येणाऱ्या मावशींच्या कपाळाला लागता लागता राहिला. मनात आलं, पुरुषभर लांबीची तोड्याची बंदूक घेऊन इथं शिरणाऱ्याचे काय हाल होत असतील? वळणावर नळी आधी दिसणार, माणूस नंतर. ती फिरवायला जागा नाही, मागं घ्यावी तर मागं दुसरा शिपाई उभा. आता अंधारीच्या जागी चिलखती गाडीचं पोट धरा, हेलिकॉप्टरचं दार धरा, एखाद्या इमारतीचा जिना धरा. वीतभर लांबी वाचवायला देश इतका पैसा का ओततात ते ध्यानात येतं. त्याच किल्ल्यात वर बुरुजावर मेंढा तोफ आहे. ती गोल फिरवायची सोय असलेल्या बैठकीवर बसवलीय. तिला लांबीची काय चिंता, भोवती सगळं मोकळं आभाळ.

आता माझ्याकडं कुठली चिलखती गाडी नाही. आणि खरी, काडतुसाची बुलपप आपल्याकडं सामान्य माणसाला मिळण्याचा प्रश्नच येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा स्वयंचलित शस्त्रं आणि लष्करी बोअर, म्हणजे सैन्याच्या काडतुसाची बंदूक, नागरिकाला देत नाही, परदेशी बंदुका आणण्याची वाट ऐंशीच्या दशकातच बंद झाली, २०१९ च्या दुरुस्तीनं परवाना असलेल्यालाही दोनच शस्त्रं ठेवता येतात. शेतकऱ्याच्या घरात परवान्यावर असते ती .३१५ ची बोल्ट रायफल किंवा बारा बोअर, आणि तीही निवडणूक लागली की ठाण्यात जमा. शेजारच्या बीड जिल्ह्यात शस्त्र परवान्यांवरून उठलेला धुरळा तर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. कमरेला लावून मिरवायचं पिस्तूल या प्रकाराची मला मनापासून चीड आहे आणि हा लेख त्या शौकाबद्दल नाही.

राहते एअर रायफल. .१७७ इंच बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूलच्या आतला जोर असेल तर परवाना लागत नाही. माझी त्यातली आहे. दाबलेल्या हवेवर चालणारी. गालाखालच्या आणि नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबापर्यंत हवा भरायची, चाप ओढला की आतला हातोडा झडपेवर आपटतो, हवेचा एक घोट सुटतो आणि अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला अडीचशे-पावणेतीनशे मीटरच्या वेगानं जातो.

इथं लांब नळीचा फायदा वेगळ्याच वाटेनं येतो. छर्रा नळीत आहे तोवर हवा त्याला ढकलत असते. नळी लांब असली की तोच वेग कमी हवेत मिळतो. वीस ज्यूलची वेस ओलांडायचीच नाही, त्यामुळं नळीची लांबी माझ्या कामी येते ती हवा वाचवायला. आणि हवा वाचण्याची किंमत कळायची असेल तर लातूरच्या एप्रिलमध्ये हातपंपानं सिलिंडर भरून बघावा. शंभर बारपर्यंत पंप गप्पा मारू देतो. दीडशेच्या पुढं दांडा खाली न्यायला सगळं अंग टाकावं लागतं. शर्ट पाठीला चिकटतो, पंपाची नळी हात लावू देत नाही इतकी तापते, आणि माझी पुतणी सावलीत बसून मीटरच्या काट्याचं धावतं वर्णन करते.

आमच्या शेताच्या कडेला पाझर तलावाचा मातीचा भराव आहे. तूर निघाली की धसकटांशिवाय रानात काही उरत नाही, तेव्हा तिथं पुठ्ठ्यावर कागद लावून नेमबाजी चालते. आधी भरावावर चढून पलीकडं कुणी गुरं राखत नाही ना ते बघायचं, मग खाली यायचं. येणारे-जाणारे थांबतात. प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला: "रोही पडंल का हिनं? डुक्कर?" रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप हरभरा आणि तूर कसे तुडवतात ते मी बघितलंय, विचारणाऱ्याचा जीव जळतो हेही कळतं. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि वीस ज्यूलचा छर्रा रोह्याला मारत नाही, फक्त आठवडाभर कुजवतो. कागद आणि पत्र्याचे डबे, यापलीकडं या बंदुकीचा शत्रू नाही.

माझ्याकडं याच जातीची, जवळपास तेवढ्याच नळीची एक साधी रायफलही आहे. ती मीटरभराच्या पुढं जाते, बुलपप पाऊण मीटरची. दोघींना भुसा भरलेल्या पोत्यावर टेकवून पंचवीस मीटरवर मारलं तर फरक सांगता येत नाही. दोघींचे छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. नळीला काय ठाऊक चाप आपल्या पुढं आहे का मागं. फरक पडतो तो पोतं काढून घेतल्यावर.

पहिला फरक तोलाचा. साध्या रायफलीचं वजन दोन्ही हातांच्या मधे येतं, नाक जरा जडच. उभं राहून धरली की ती हळूहळू डुलते आणि डुलता डुलता थांबते. बुलपपचं सगळं वजन खांद्यात. उचलायला हलकी, डब्यावरून डब्यावर जायला चपळ, अर्धा तास उभं राहिलं तरी डावा दंड भरून येत नाही. पण तिचं नाक हलकं असल्यानं ते चुळबुळत राहतं. छातीचा ठोका स्कोपमधल्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीतल्या, क्रॉसच्या टोकावर दिसतो. घाईच्या खेळात ती साधीला मागं टाकते. एकाच काळ्या ठिपक्यावर जीव एकवटायचा असेल तर साधी.

दुसरा फरक चापाचा, आणि बुलपपचं खरं दुखणं हेच. साध्या रायफलीत चाप आणि हातोडा अडवून धरणारी कळ यांच्यात बोटभर अंतर असतं. बुलपपमध्ये कळ गालाखाली आणि चाप वीतभर पुढं, म्हणून दोघांना जोडायला एक लांब दांडी. आजोबांच्या काळ्या सायकलीला तारेऐवजी सळईचे ब्रेक असायचे ते आठवा. दाबताना सळई आधी आपला ढिलेपणा संपवायची, मग थोडी वाकायची, मग कुठं रबर चाकाला लागायचं. बोटाला कळायचं, पण उशिरा आणि अंधुक. तसंच. ताव्होरच्या जड चापाबद्दल जगभर कुरकुर झाली ती उगाच नाही. कमांडोच्या कामाला जड चाप चालतो, किंबहुना धावपळीत तो बराच. कागदावरच्या ठिपक्याला चालत नाही.

मी एका पावसाळ्यात बंदूक खोलून बसलो. दांडी एका जागी घासून चकाकत होती, आणि मागच्या टोकाच्या पिनमध्ये डोळ्याला दिसेल इतका खुळखुळाट होता. लातूरच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांना पिन दाखवली. त्यांनी ती चिमटीत धरून व्हर्निअर लावला, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि म्हणाले, "भोकच मोठं हाय, पिन बिचारी काय करील." नवी, केसभर जाड पिन त्यांनी बसवली, घासणारी जागा बारीक पॉलिश कागदानं मारून दिली. चाप निम्म्यानं सुधारला. उरलेलं निम्मं त्या दांडीच्या लांबीतच आहे, ते कुठल्याच लेथवर निघत नाही.

तिसरी गोष्ट स्कोपची. बुलपपचा मागचा भाग सरळ असतो, गाल उंचावर बसतो, त्यामुळं स्कोपही उंच लावावा लागतो. माझ्या बुलपपवर तो नळीच्या वर साडेसहा सेंटीमीटर आहे, साध्यावर चार. दोन्ही पंचवीस मीटरला जुळवल्या. आता दहा मीटरवरच्या डब्याच्या अगदी मधोमध क्रॉस ठेवला तर साधीचा छर्रा सेंटीमीटरभर खाली लागतो आणि बुलपपचा अडीच. जवळचं सोपं वाटणारं लक्ष्य बुलपपला अवघड जातं ते असं. शिवाय बंदूक हातात जराशी कलली की उंच स्कोप ती चूक बाजूलाही फेकतो. म्हणून मी स्कोपवर पाण्याच्या बुडबुड्याची छोटी लेव्हल लावली, गवंड्याकडं असते तिचं पिल्लू. काकांनी ती बघून "आता ओळंबा पण बांध" असा शेरा मारला.

मॅगझीन बदलणं तर वेगळंच प्रकरण. इन्सास किंवा एके घेतलेला जवान डोळ्यासमोर मॅगझीन काढतो आणि लावतो. बुलपपमध्ये ते काखेपाशी, न बघता, चाचपडत. माझं गोल छोटं मॅगझीन गालाखालीच बसतं, त्यामुळं दर वेळी मान उचलावी लागते आणि जमलेली बैठक मोडते. तालमीनं जमतं म्हणतात. मला अजून चष्मा वर करून बघावं लागतं.

स्पर्धेच्या नेमबाजीत मात्र सगळा उलटा न्याय आहे आणि तो मला फार आवडतो. स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडची पोरंही रेंज कुठं आहे असं विचारायला लागलीत. (कोल्हापूरकडं बोट दाखवण्यापलीकडं मी करणार काय. मराठवाड्यानं या खेळात अजून बरंच करायचंय.) दहा मीटर एअर रायफलीत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथल्या रायफलीची खरी नळी असते साधारण ४२ सेंटीमीटरची, माझ्या बुलपपइतकीच. छर्रा लवकर बाहेर पडावा, तेवढ्या वेळात हात हलू नये म्हणून ती आखूड. पण तिच्यापुढं एक पोकळ नळकांडं जोडलेलं असतं, ज्यात छर्रा कुठंच टेकत नाही. कशाला? तर त्याच्या टोकावर पुढची माशी, म्हणजे नेम जुळवायची खूण, बसवायची. तिथं स्कोप नसतो. मागचं बारीक भोक आणि पुढची माशी एकमेकांपासून जितकी लांब तितकी नेमातली बारीक चूक डोळ्याला दिसते. त्यावर आणखी वजनं बसवून नाक मुद्दाम जड करतात. बुलपपनं जी लांबी दडवायचा आटापिटा केला ती लांबी इथं पैसे मोजून विकत घेतात. जागेची अडचणच नाही म्हटल्यावर बुलपपला बोलावतंय कोण.

लष्करंही आता एकेक करून परत फिरलीत. फ्रान्सनं २०१७ पासून फामास काढून जर्मन एचके-४१६ घ्यायला सुरुवात केली. चीननं क्यूबीझेड-९५ नावाच्या आपल्या बुलपपनंतर आणलेली नवी रायफल २०१९ च्या संचलनात मिरवली, ती साध्या घाटाची. न्यूझीलंडनंही ऑग सोडली. ऑस्ट्रेलिया मात्र ऑगचीच सुधारलेली आवृत्ती धरून आहे. आपल्या सैन्यानं मोठ्या संख्येनं घेतलेल्या सिग-७१६ आणि उत्तर प्रदेशातल्या कोरव्यात बनणारी एके-२०३, दोन्ही साध्याच. कारणं बरीच आहेत, पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते साधं: दस्ता आता आत सरकतो किंवा घडी होतो. गाडीत बसताना आखूड, उतरल्यावर लांब. बुलपपनं ज्या प्रश्नासाठी अख्खं यंत्र मागं ढकललं तो प्रश्न एका बिजागरीनं बराचसा मिटवला. बराचसाच म्हणतो, कारण घडी घातलेल्या दस्त्यानं नीट नेम धरता येत नाही आणि बुलपप आखूड असतानाच पूर्ण असते. पायदळाला आता तेवढ्यासाठी तो चाप आणि ती काख सोसायची नाही, असं दिसतं.

आणि डावखुऱ्यांचं काय? काडतुसाच्या बुलपपमध्ये गोळी सुटल्यावर काडतुसाची रिकामी पितळी टोपी गालाशेजारून उडते. ब्रिटनची एल-८५ डाव्या खांद्यावरून मारताच येत नाही, मारली तर तापलेलं पितळ तोंडावर. ऑगचा बोल्ट बदलून ती डावखुऱ्यासाठी करता येते, ताव्होरचंही तसंच, पण ते आधी ठरवून. ऐन वेळी खांदा बदलायचा म्हटलं तर नाही. साध्या रायफलीत टोपी तोंडापासून वीतभर पुढं उडते, डावखुरा कुरकुरत का होईना निभावून नेतो. एअर रायफलीत टोपीच नाही, त्यामुळं मला वाटलं होतं की हा प्रश्न आपल्याला लागू नाही.

पुतणी डावखुरी आहे. सावलीतून उठून तिनं एक दिवस बुलपप मागितली. छर्रा भरायचा खटका उजव्या बाजूला, आणि तोही मागं, गालापाशी. तिला दर वेळी बंदूक खांद्यावरून उतरवून, उजव्या हातानं खटका ओढून, परत खांद्याला लावावी लागत होती. थोड्या वेळानं तिनं काही न बोलता ती पोत्यावर ठेवली आणि साधी उचलली. तिचा खटकाही उजवीकडंच, पण पुढं. डाव्या हातानं मूठ न सोडता, उजवा हात पुढून मागं आणून ती तो ओढायला लागली. लांब बंदूक तिच्या अंगाला मोठी होती, दस्ता काखेत शिरत होता. तरी छर्रे एकमेकांच्या जवळ पडत होते, माझ्यापेक्षा जवळ. काका चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले होते. ते माझ्याशी बोलले नाहीत, तिच्याशी बोलले. "श्वास अर्धा सोड आन् थांब. चाप ओढू नको, दाब."

आता तिला स्वतःची हवी आहे, डावखुऱ्यांसाठी केलेली, साधी. मी चौकशी करतोय. काका निम्मे पैसे द्यायला तयार आहेत, ठिबकचा विषय त्यांनी या वेळी काढला नाही. वहिनींचं म्हणणं, आधी दहावी होऊ द्या.